दुखणं थांबलं म्हणून

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बायकोच्या हातात देशील आणि म्हणशील, तूच वाच. म्हणून धाकटीला मी आधीच बजावून ठेवलंय की तिने याला हात लावायचा नाही. तेव्हा बाबा रे, वाचायचं तुलाच आहे. दुसऱ्या शहरात साइट घेतल्यापासून फोन तू उचलत नाहीस. घरी ये म्हटलं की तुला नेमका ओव्हरटाइम लागतो. मागे लेकीच्या निकालाला आलास तेव्हाही पाणी न पिता उंबऱ्यातून परतलास आणि पेढ्याऐवजी तिच्या हातात पेनांचं पाकीट कोंबून पळालास. ती आत येऊन म्हणाली, आई, काका घाबरल्यासारखा का दिसत होता? मी म्हटलं, घाईत असेल. कागदाला मात्र घाई सांगता येत नाही, म्हणून कागदच पाठवते आहे.

आमचं बरं चाललंय. चष्म्याच्या दुकानात अजून काचाच घासते. नवीन मशीन आलं आहे, ते नंबर घातला की स्वतःच घासतं, पण कडा काढायला अजून माझी बोटं लागतात. लेक उंचीने मला मागे टाकून गेली. तिचं नाक थेट तुझ्या दादाचं आहे आणि हट्टही. पाण्याची बाटली भरलेली नेते आणि भरलेलीच परत आणते. त्यावरून आमच्या घरात रोज सकाळी भांडण होतं. ती म्हणते, आई, तू पाण्याची पोलीस आहेस. असू दे म्हटलं.

तुला आठवतं का, तू आमच्याकडे राहायला आलास तेव्हा केवढासा होतास? माझं नुकतंच लग्न झालेलं आणि तुझा दादा तुला समोर उभा करून म्हणाला, हा आपल्याकडेच राहणार, खातो कमी आणि बोलतो त्याहून कमी. पुढे तू क्रेनचं लायसन्स काढलंस तेव्हा त्याने गल्लीभर मिरवलं, जणू तू विमानच चालवणार होतास. तुम्ही दोघं एकाच साइटवर लागलात, समोरासमोरच्या दोन क्रेनवर, तेव्हा मला वाटलं, चला, वर एकमेकांकडे लक्ष तरी राहील. जमिनीवरून बघताना तुमच्या केबिन काडेपेटीएवढ्या दिसायच्या. एकदा मी डबा द्यायला आले होते आणि वरून दोघांनी एकदमच हात हलवले. कुठला हात कोणाचा ते मला कळलंच नाही.

त्या केबिनचा आणि पाण्याचा हिशेब तुला मी काय सांगावा. शिडीने वर जायला दम लागतो, खाली यायला त्याहून जास्त, आणि क्रेन थांबली की खालची सगळी माणसं हात बांधून उभी राहतात. लघवीला लागली की बाकीचे वर बाटलीत भागवतात. तुझ्या दादाला ते जमायचं नाही. म्हणायचा, चारी बाजूंनी काचा, मी काय दुकानातला पुतळा आहे का? मग त्याने सोपा उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. सकाळी चहा आणि संध्याकाळी खाली उतरल्यावर नळाला तोंड. वर काचेतून ऊन भाजायचं, घाम जायचा आणि लघवी चहासारखी गडद व्हायची. मला हे त्याने कधी सांगितलं नाही. पुढे मूतखडा निघाला आणि सर्जनबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

त्या बाईंच्या खोलीत आपण तिघं बसलो होतो. तू दाराजवळच्या स्टुलावर होतास, म्हणून तुला सगळं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी टेबलावर मूत्रपिंडाचा प्लॅस्टिकचा नमुना ठेवला, दोन फाका होऊन उघडणारा. म्हणाल्या, खडा मोठा आहे, अडीच सेंटिमीटर, डाव्या बाजूला, आणि पोट न फाडता तो काढायचे तीन मार्ग आहेत. पहिला बाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडायचा. कुठे छेद नाही, त्याच दिवशी घरी. पण तो लहान आणि ठिसूळ खड्यांसाठी बरा. एवढ्या मोठ्याला धक्के दिले तर तुकडे होतील आणि सगळे एकदम खाली उतरून नळीत रांग लावून अडकतील. तुझा दादा लगेच म्हणाला, म्हणजे गेटवर खडीचे ट्रक अडकतात तसं. बाई हसल्या. हो, अगदी तसंच, म्हणाल्या. दुसरा मार्ग लघवीच्या वाटेने. बारीक, वळणारी दुर्बीण वर मूत्रपिंडापर्यंत न्यायची आणि लेझरने खड्याचा भुगा करायचा. छेद नाही, रक्तही फारसं जात नाही, माणूस लवकर हिंडाफिरायला लागतो. पण मोठा खडा एका बैठकीत संपत नाही, दुसऱ्यांदा यावं लागतं, कधी तिसऱ्यांदाही. आणि काम जितका वेळ चालेल तितका वेळ आत पाण्याचा दाब राहतो. खड्याच्या पोटात जंतू दडलेले असतील तर ते रक्तात उतरू शकतात. तिसरा मार्ग पाठीतून. पेन्सिलीएवढं भोक पाडून थेट मूत्रपिंडात जायचं, खडा फोडायचा आणि तुकडे तिथूनच उचलून बाहेर काढायचे. बहुतेक एकदाच सगळं साफ होतं. पण रक्त जास्त जाऊ शकतं, क्वचित चढवावंही लागतं, दवाखान्यात मुक्काम जास्त आणि नंतर बरेच दिवस चढणं-उचलणं बंद. जंतूंची भीती तिथेही आहेच, म्हणाल्या, कोणताही मार्ग बिनधोक नाही.

तुझ्या दादाने तो नमुना हातात घेऊन उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग म्हणाला, मॅडम, बाहेरून हादरे, पाइपातून आत, नाहीतर भिंतीला भोक. आमच्याकडे पाडकामाचेही हेच तीन प्रकार आहेत. त्यावर बाईंनी विचारलं, मग तुमच्याकडे एवढ्या मोठ्या दगडाला काय करता? तो म्हणाला, भोकच पाडतो. बाई म्हणाल्या, माझाही सल्ला तोच आहे. पण दुर्बिणीचा मार्ग चुकीचा नाही, फक्त लांबचा आहे. घरी जाऊन ठरवा.

आणि मग बाहेरच्या बाकावर तू बोललास. एरवी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा तू तेव्हा न थांबता बोललास. न कापता होतंय तर कापायचं कशाला, दादा? पाठीला भोक पाडून घेशील आणि दिवसभर त्याच पाठीवर टेकून बसशील का? रक्त चढवायची पाळी आली तर? दादाने तुझं सगळं ऐकून घेतलं, तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, चल, बारक्याचं ऐकू या. गेलं दीड वर्ष ती थाप तू पाठीवर घेऊन फिरतो आहेस, असं मला वाटायचं. तर ऐक. तू बोलायच्या आधीच त्याचं ठरलेलं होतं. तू रिपोर्ट आणायला खिडकीवर गेला होतास तेव्हाच तो मला म्हणाला होता की दुर्बिणीनेच करू. पायापासून चढवलेली इमारत आहे, शेवटचे मजले दुसऱ्या कोणाच्या हाताने चढले तर मला चैन पडणार नाही, आणि पाठीतून केलं तर शिडी बंद होईल. मी म्हटलं, बाई तर दुसरंच सांगतायत. तो म्हणाला, त्या शरीराचं सांगतायत, मी माझं सांगतोय. मग तू आलास आणि बोलायला लागलास, तेव्हा त्याने तुला बोलू दिलं. धाकट्याला वाटू दे की त्याच्या शब्दाला घरात वजन आहे, असं रात्री मला म्हणाला आणि स्वतःवरच खूश होऊन हसला. त्याला काय ठाऊक त्या वजनाचं पुढे काय होणार ते.

ऑपरेशन नीटच झालं होतं, हेही मला तुला सांगायचं आहे. आधी लघवी तपासली होती, जंतूंचं औषध दिलं होतं, काही राहिलं नव्हतं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, बराचसा खडा गेला, खालच्या कोपऱ्यात थोडा राहिला आहे, तो पुढच्या वेळी. आत एक मऊ नळी ठेवली होती, भुगा अडकू नये म्हणून. त्या नळीने तो हैराण व्हायचा. सारखी लघवीची कळ, करताना कमरेत जळजळ, चाललं की लघवी गुलाबी. घरी सोडताना बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं की पाणी भरपूर प्यायचं, मी सांगेपर्यंत शिडी चढायची नाही, आणि थंडी वाजून ताप आला तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच पावली इथे यायचं. तो शाळेतल्या पोरासारखा हो हो करत होता. मी बाईंना म्हटलं, हा हो म्हणतोय पण करणार नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही लक्ष ठेवा.

ठेवलं रे. जेवढं घरात ठेवता येतं तेवढं ठेवलं. तो कामावर निघाला त्या सकाळी मी दारात आडवी उभी राहिले. तर म्हणाला, बसूनच तर काम आहे, बिछान्यात बसतो ते खुर्चीत बसेन. लेक बघत होती तरी मी बाजूला झाले नाही, त्यानेच मला खांद्याला धरून बाजूला केलं, अगदी हळू, फर्निचर सरकवल्यासारखं. आणि वर चढल्यावर कळ लागू नये म्हणून पुन्हा पाणी बंद. हे मला नंतर कळलं.

पुढचं मला तुझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही. तुमच्या सुपरवायझरने सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून, हेल्मेट छातीशी धरून. म्हणाला, भर दुपारची वेळ होती. तुमच्या यजमानांनी सळयांचा गठ्ठा उचलला, वर नेला, स्लॅबवर टेकवला, खालच्याने हूक सोडवला आणि मग क्रेन तशीच राहिली. वॉकीटॉकीवर हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, तर नुसते दात वाजल्यासारखा आवाज. तू समोरच्या केबिनमधून बघत होतास. कोणी काही सांगायच्या आधी तू तुझी शिडी उतरलास आणि त्याची चढलास. आत तो गुडघे पोटाशी घेऊन थरथरत होता, ओठ निळे पडले होते आणि बाहेर ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता. त्याला शिडीवरून आणणं शक्य नव्हतं. मग अग्निशमनवाले आले, वर चढले, त्यांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून माणसं उचलायच्या पाळण्यात ठेवलं. आणि तो पाळणा खाली आणायला दुसरी क्रेनच हवी होती. सुपरवायझर म्हणाला, दुसरा ऑपरेटर बोलावतो असं मी म्हटलं, पण बारक्या ऐकेना, तोच जाऊन बसला. ताई, एवढा मऊ लोड मी आयुष्यात उतरलेला पाहिला नाही. जमिनीला टेकला तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. एवढं सांगून तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दवाखान्यात आणलं तेव्हा त्याचं ब्लडप्रेशर लागत नव्हतं. जंतू रक्तात गेले होते. त्यांनी काय काय केलं ते सगळं मी काचेतून पाहिलं. औषधं, नळ्या, नंतर श्वासाचं मशीन. मशीन लावायच्या आधी मला थोडा वेळ आत जाऊ दिलं. त्याने पहिलं काय विचारलं असेल? सळया नीट टेकल्या ना? मी म्हटलं, टेकल्या. मग त्याने दुसरं सांगितलं, आणि ते मी आजवर कोणाला बोलले नाही. म्हणाला, बारक्याला ओरडू नकोस. सकाळी शिडीशी त्याने मला गोळी घेताना पाहिलं. अंग तापलेलं त्याला कळलं होतं, तो म्हणत होता खाली चल, वहिनीला फोन करतो. मीच त्याला गप्प बसवलं. त्याच्याकडून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

म्हणजे बारक्या, मला माहीत होतं. तेराव्याला तू कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसला होतास तेव्हाही माहीत होतं. तू नजर चुकवत होतास ती नुसत्या दुर्बिणीमुळे नाही, त्या गोळीमुळेही, हे मला कळत होतं. मग मी का बोलले नाही? कारण मला तुझा राग आला होता. खोटं कशाला लिहू? एक फोन, एवढंच मनात यायचं. एक फोन केला असतास तर मी दुकानातून धावत आले असते आणि ओढत खाली आणलं असतं त्याला. त्याने ओरडू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी ओरडले नाही. पण तुला जवळही घेतलं नाही. काचा घासताना कधी तुझा राग यायचा, कधी त्याचा, आणि त्याचा यायचा तेव्हा तुझी दया यायची. मोठा भाऊ शिडीवर उभा राहून शपथ घालतो आहे, ज्याने तुला वाढवलं तो, आणि तू ती मोडायची कशी? मीसुद्धा त्याला दारात अडवू शकले नाही, तर तू कुठून अडवणार होतास. हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

मध्यंतरी मी त्या सर्जनबाईंकडे गेले होते. त्यांना विचारलं, पाठीतून केलं असतं तर वाचला असता का? त्या म्हणाल्या, खडा एकदाच साफ झाला असता, नळीचा त्रास कदाचित कमी झाला असता. पण जंतू पाठीतून केल्यावरही रक्तात जातात, तसे रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा ते मी सांगू शकत नाही. ताप आला त्याच तासाला आले असते तर मात्र मी खूप काही करू शकले असते, एवढं सांगते. मला खोटा दिलासा दिला नाही, बरं वाटलं. तुलाही मी देत नाही.

आता हे सगळं आज का उकरून काढलं ते सांगते. परवा धाकटीचा फोन आला होता. तुला न सांगता केला, तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, ह्यांनाही खडा निघाला होता, उजव्या नळीत अडकलेला, लहान आहे म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी धक्क्यांनी किंवा दुर्बिणीने काढू म्हटलं तर हे म्हणाले, दादाला नेलं तेवढं पुरे, मला कोणी हात लावायचा नाही. कितीतरी आठवडे गडाबडा लोळत होते. आणि मग आनंदाने सांगते कशी, पण वहिनी, आता बरं आहे, गेल्या आठवड्यापासून दुखणं आपोआप थांबलंय, खडा पडला असावा. ती हसत होती आणि माझ्या हातातली काच खाली पडून फुटली. फोन ठेवला आणि तशीच बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, खडा पडलेला त्यांनी पाहिला का? पाहिला नसेल तर दुखणं थांबलं याचा अर्थ दोन्ही असू शकतो. कदाचित खडा पडला. किंवा वाट बंद राहून मूत्रपिंडाने लघवी तयार करायचंच सोडून दिलं. फुगणं थांबलं की दुखणंही थांबतं, माणूस खूश होतो आणि आत एक बाजू मुकाट्याने मरत असते. सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. वाचवण्यासारखं असेल तर अजून वाचेल, पण थांबू नका. कोणत्या मार्गाने काढायचा तेही मी विचारलं. म्हणाल्या, इतके दिवस रुतून बसलेल्या खड्याला बाहेरचे धक्के फारसे लागू पडत नाहीत, बहुधा दुर्बीणच लागेल, आणि आत जंतू असतील तर आधी नळी टाकून साचलेलं वाहू देतील, खडा नंतर काढतील. पाठीच्या भोकाची गरज बहुतेक पडणार नाही. हे सगळं तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरव, पाहिजे तर माझ्या बाईंना फोन लाव. पण बारक्या, न ठरवता बसू नकोस. धाकटीला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तिला दिवस गेले आहेत हे ती बोलता बोलता बोलून गेली. म्हणून तुला लिहिलं. कुरिअरवाल्याने सकाळी द्यायचं कबूल केलं आहे आणि मी दुपारच्या गाडीने निघते आहे, संध्याकाळपर्यंत पोचेन. तू कामावर गेला असशील तर मी गेटवर उभी राहीन. क्रेनखाली उभं राहून मला हाका मारायला लावू नकोस. आवाज वरपर्यंत पोचत नाही, हे मला माहीत आहे.

तुझीच,
वहिनी